नंबर सोडून ओढलेल्या रेघा

१

आमच्या ह्यांची एक खोड मला लग्नापासून सहन होत नाही. घरात काही बिघडलं की हे वर्तमानपत्र उघडतात. माझं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा हे दवाखान्याच्या बाकावर बसून पेपर वाचत होते. आमच्या लाँड्रीत शॉर्ट सर्किट होऊन गिऱ्हाइकांच्या अठरा साड्या जळाल्या तेव्हाही तेच. आणि त्या गुरुवारी दुपारी, थोरला विमानतळावरून बॅगांसकट परत आला, बूट न काढता दारात उभा राहिला, तेव्हा ह्यांनी मान वर करून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं. पेपर आदल्या दिवशीचा होता.

"काय रे, विमान चुकलं?" मी विचारलं.

"चुकलं असतं तर बरं झालं असतं." त्याने खिशातून पासपोर्ट काढला, एक पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. "हे बघ."

त्या पानावर त्याचा व्हिसा चिकटवलेला होता. मी तो आधी पाहिलेला होता, रंगीत, नक्षीदार, कोपऱ्यात त्याचा फोटो. आता त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन लाल रेघा होत्या.

"काउंटरवरची बाई म्हणाली, हा व्हिसा रद्द झालेला आहे, तुम्हाला विमानात बसवता येणार नाही. मी तासभर भांडलो. तिने तिच्या साहेबाला बोलावलं. तोही तेच म्हणाला."

"मग रद्द कुणी केला? त्या वकिलातीने?"

"वकिलात रद्द करते तेव्हा शिक्का मारते, आई." थोरला खाली बसला, बॅगेवरच. "हे कुणीतरी हाताने केलंय. इथे. आपल्या घरात."

२

मी तिसरीपर्यंत शिकले. लिहायला वेळ लागतो, पण लिहिते. एकतीस वर्षं लाँड्री चालवली, आणि त्या धंद्याने एक गोष्ट शिकवली. डाग कसला आहे ते गिऱ्हाईक कधी खरं सांगत नाही. चहा सांडला म्हणतात, असतं औषध. तेव्हा माणसाला विचारायचं सगळं, पण बघायचं कापडाकडे.

आधी कशावरून एवढं आभाळ कोसळलं ते सांगते. थोरला नऊ वर्षं परदेशात आहे. ज्या कंपनीने नेलं तिच्या नावाचा हा व्हिसा. चार महिन्यांपूर्वी त्याने कंपनी बदलली, आणि ती पगारासाठी नाही बदलली. त्याची मुलगी, आमची चिमणी, साडेतीन वर्षांची आहे. जन्मल्यापासून तिला ऐकू येत नाही. कानाच्या आतली रचनाच वेगळी आहे म्हणे. इकडे दोन मोठ्या डॉक्टरांनी हात जोडले. तिकडे एका डॉक्टरीणबाईने केस घेतली, पण ते हॉस्पिटल दुसऱ्या शहरात, आणि जुन्या कंपनीचा विमा तिथे चालेना. नव्या कंपनीचं ऑफिस त्याच शहरात, विमाही चालतो. म्हणून ही नोकरी. ऑपरेशनची तारीख पाच आठवड्यांवर आली होती. डॉक्टरीणबाईने बजावलं होतं की फार उशीर केलात तर कानामागची नस ऐकायचं शिकतच नाही, मग यंत्र बसवून उपयोग नाही.

एवढ्यात ह्यांच्या छातीत दुखलं. दोन स्प्रिंगा बसवाव्या लागल्या. ह्यांनीच हॉस्पिटलातून थोरल्याला फोन केला, ये म्हणून. बायको आणि चिमणीला तिकडे ठेवून तो पंधरा दिवसांसाठी आला.

आता व्हिसा जुन्या कंपनीचा आणि नोकरी नव्या कंपनीत, तर परत आत कसं घेतात? मीही विचारलं होतं. थोरल्याने सांगितलं ते मला लगेच कळलं, कारण आमच्याकडे तेच चालायचं. कपड्यावर खूण जुन्या बिऱ्हाडाची असते, पण माणूस नव्या पत्त्याची पावती घेऊन येतो. खूण आणि पावती दोन्ही बघायची आणि कपडा द्यायचा. तसाच जुना व्हिसा मुदत संपेपर्यंत चालतो, फक्त सोबत नव्या कंपनीच्या मंजुरीचा कागद लागतो. कागद त्याच्याकडे होता. खुणेवरच रेघा पडल्या.

नव्या व्हिसासाठी वकिलातीत मुलाखत लागते. त्याने तिथेच बसून फोनवर पाहिलं. सगळ्यात जवळची तारीख सात महिन्यांनंतरची. कंपनीला कळवलं, तर त्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबू म्हणून सांगितलं. त्यानंतर ते त्याचं नाव काढणार. आणि त्याचं नाव गेलं की तिकडे बायको आणि मुलगी कुणाच्या नावावर राहणार? त्यांचा मुक्काम त्याच्या नोकरीला बांधलेला.

मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. थोरला, धाकटा, धाकटी सून आणि पेपरामागे हे.

"पासपोर्ट माझ्या कपाटात होता," मी म्हणाले. "किल्ली माझ्या कमरेला. आंघोळीला जाते तेवढ्यापुरती ती मोरीबाहेरच्या खिळ्याला असते. म्हणजे एक तर तुमच्यापैकी कुणी, नाहीतर तो तिकिटाचा एजंट. आत्ता बोललात तर एकदाच ओरडेन."

धाकटी सून उठली आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

३

तिच्यामागे मी गेले नाही. रडणाऱ्या माणसाला लगेच विचारलं तर उत्तरात निम्मं रडणंच येतं. आधी एजंटाकडे गेले.

या एजंटाला आम्ही पावडरवाला म्हणतो. सकाळी दहालाच तोंडाला इतकी पावडर लावतो की हसला तर गालाला भेग पडेल असं वाटतं. एका जिन्याखाली त्याचं ऑफिस. एक टेबल, एक झेरॉक्स मशीन, भिंतीवर विमानांची चित्रं आणि बसायला एकच खुर्ची, तीही त्याची. सोमवारी आम्ही त्याच्याकडे पासपोर्ट दिला होता, परतीचं तिकीट बदलायला.

"काकू, माझ्यावर संशय?" तो म्हणाला. "तुमचा मुलगा उडाला नाही तर माझ्या तिकिटाचं काय होतं, जरा विचार करा."

"विचार करायला मी आलेच आहे. खुर्ची दे."

त्याने उठून खुर्ची दिली. मग फाईल काढली. हा माणूस एक काम चोख करतो. पासपोर्ट परत देताना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झेरॉक्स काढतो, कोरी पानंसुद्धा. त्याने ती चळत माझ्यापुढे टाकली. मी व्हिसाचं पान शोधलं. झेरॉक्स काळीपांढरी, पण रेघ असती तर काळी तरी दिसली असती. पान स्वच्छ होतं.

"ही कधी काढलीस?"

"मंगळवारी संध्याकाळी, परत देताना. वर वेळ छापलेली असते, बघा." खरंच होती.

म्हणजे एजंट सुटला. मी उठले तसा तो घुटमळला.

"काकू, वाईट वाटून घेऊ नका. पण मंगळवारी पासपोर्ट न्यायला तुमचा धाकटा आला होता. मी म्हटलं, दादा निघाला का? तर म्हणाला, एकदाचा याचा पासपोर्ट हरवला तर बरं होईल."

४

धाकट्याचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, जिन्याचे कठडे. मी गेले तेव्हा तो एका फाटकावर खडूने खुणा करत होता. पावडरवाल्याने फोन केला असणार, कारण मी पोचायच्या आधीच त्याला कळलं होतं मी कशाला येतेय.

"हो, बोललो मी तसं," तो म्हणाला. "बोलण्यावर काय बंदी आहे? दादा नऊ वर्षांत चार वेळा आला. चारही वेळा तू गोडधोड केलंस. मी रोज घरी आहे, मला कधी विचारलंस काय करू म्हणून?"

"विषय खाण्याचा नाही."

"आहे. बाबांना जिन्यावरून उचलून रिक्षात मी घातलं. हॉस्पिटलात चार दिवस खाली सतरंजीवर मी झोपलो. पाचव्या दिवशी दादा आला आणि बाबा सगळ्यांना सांगायला लागले, माझा मुलगा आला. मग मी कोण होतो गं आई? वॉर्डबॉय?"

ते खरं होतं आणि मी ते पाहिलं होतं.

"मला राग आहे," तो म्हणाला. "पण चिमणीचे कान मी कशाला अडवू?"

मी त्याची स्टीलची पट्टी उचलली. पिशवीतून शाईचं पेन काढलं, घरून घेऊनच गेले होते. एका कागदावर त्याला म्हटलं, पट्टी ठेव आणि सरळ रेघ ओढ. त्याने ओढली. लोखंड कापणाऱ्याचा हात, रेघ सरळ आली. पण पट्टी सपाट, कागदाला चिकटलेली. शाई पट्टीखाली शिरली आणि पट्टी उचलताच एका बाजूला फराटा उमटला. शाई आणि सपाट पट्टीचं हे असंच होतं, सवय नसलेल्या कुणाचंही.

पासपोर्टातल्या रेघांना फराटा नव्हता. दोन्ही स्वच्छ, आणि एकमेकींपासून अगदी सारख्या अंतरावर. पहिली ओढून दुसरीसाठी पट्टी सरकवताना केसभर तरी इकडेतिकडे होतं. इथे झालं नव्हतं.

"तू नाहीस," मी म्हणाले.

"आभारी आहे," तो म्हणाला आणि पुन्हा खडू घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

रेघा अशा शाईच्या पेनाच्या असल्या तर तो सुटला. पण शाई कसली ते मी अजून तपासलं नव्हतं. घरी आले तर धाकट्या सुनेची शाळेची पिशवी कोचावर उघडी पडली होती, आणि तिच्या तोंडाशीच तीन लाल पेनं होती.

५

धाकटी सून बालवाडीत शिकवते. पोरांच्या वह्यांत लाल पेनाने चांदण्या काढायच्या, हे तिचं काम. मी ती तिन्ही पेनं घेऊन स्वयंपाकघरात गेले. ती कणीक मळत होती. मघाचीच कणीक, अजून मळत होती.

"त्या वेळी उठून का गेलीस?"

"आई, शप्पथ सांगते, मी रेघा नाही मारल्या."

"ते मी विचारलं नाही."

ती हात धुवायला लागली. मग पाठमोरीच बोलली. "मी पासपोर्ट काढला होता. बुधवारी सकाळी, तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. मला फक्त बघायचा होता."

"काय बघायचं होतं त्यात?"

"व्हिसा कसा असतो ते." तिने नळ बंद केला. "मी कधी जाणार आहे का कुठे? पाहिला, हात फिरवला, परत ठेवला. तेव्हा त्यावर काही नव्हतं, आई. एकदम कोरा होता. मला वाटलं सांगितलं तर सगळे माझ्यावरच घेतील."

घेतलंच असतं. मीच घेतलं असतं पहिल्यांदा.

मी पासपोर्ट मागवला. रुमालाचं टोक ओलं केलं, पिळलं, आणि एका रेघेच्या अगदी शेवटाला टेकवलं. रुमालाला गुलाबी डाग लागला. मग तिच्या तिन्ही पेनांनी कागदावर रेघा ओढून त्यांनाही तेच केलं. रुमाल कोराच राहिला. बॉलपेनची शाई तेलकट असते, साध्या पाण्याला सोडत नाही. शर्टाच्या खिशावरचा तो डाग काढताना माझी उमर गेली आहे. पासपोर्टावरची शाई बाटलीतली होती, पेनात भरायची.

"जा, पोळ्या कर," मी म्हणाले. "आणि पुढच्या वेळी काही बघायचं असेल तर मला सांग, मी दाखवीन."

ती गेली आणि मी खिडकीशी पान धरून बसले. तेव्हा मला ती गोष्ट दिसली, जी दुपारपासून डोळ्यांसमोर होती. व्हिसाच्या मधोमध एक नंबर छापलेला असतो. दोन्ही रेघा त्या नंबराच्या अलीकडे थांबल्या होत्या आणि पलीकडून पुन्हा सुरू झाल्या होत्या. एकाही आकड्याला शाई लागलेली नव्हती.

ज्याला रागाने बिघडवायचं आहे तो आकडे कशाला वाचवील? हे रागाचं काम नव्हतं. सवयीचं काम होतं.

आमचं लग्न झालं तेव्हा हे सरकारी दफ्तरात होते. छत्तीस वर्षं तिथेच. डबा द्यायला मी जायची. हे खाली मान घालून बसलेले, हातात काळा लाकडी रूळ, लाटण्यासारखा गोल. तो कागदावर टेकवायचा, त्याच्या कडेने लाल रेघ ओढायची, जरासा पुढे लोटायचा, दुसरी ओढायची. गोल रूळ कागदाला जेमतेम टेकतो, शाई त्याच्याखाली जात नाही. लोटला की दरवेळी तेवढाच लोटला जातो. आणि रद्द कागदाचा नंबर कायम वाचता आला पाहिजे, हा त्यांच्या दफ्तराचा नियम. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात. हे तो रूळ आणि लाल शाईची अर्धी बाटली घेऊन आले होते.

बुधवारी दुपारी हे मला म्हणाले होते, हॉस्पिटलची फाईल काढायची आहे, किल्ली दे. मी कमरेची काढून दिली होती. माझ्या हाताने.

बाहेरच्या खोलीत गेले. ह्यांच्या तोंडासमोरचा पेपर धरला आणि खाली केला.

६

"हो," हे म्हणाले. थोरला, धाकटा, दोघंही उभे होते. "मीच केलं."

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं.

"त्यावर जुन्या कंपनीचं नाव होतं," हे हळूहळू बोलत होते, छातीवर हात ठेवून. "त्याची नोकरी नवी. नव्या मंजुरीचा कागद शेजारीच होता. मला वाटलं, हे राहून गेलंय. दफ्तरात आयुष्य गेलं माझं. नवा कागद आला की जुन्यावर दोन रेघा, नंबर सोडून, खाली तारीख आणि छोटी सही. हात आपोआप चालतो रे. मला काय माहीत जुनाही लागतो म्हणून."

थोरला त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा ओरडणार, आणि ओरडावं असंही वाटलं. पण तो त्यांच्या पायाशी बसला.

"बाबा, मला विचारायचं तरी."

"चुकलं."

"असू दे. होतं असं. औषधांनी तुम्हाला गुंगी पण असते."

धाकट्याने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. सुनेने चहा टाकला. त्या दिवशी आमच्या घरात सगळे एकमेकांशी इतके गोड वागत होते की कुणी बाहेरचं आलं असतं तर त्याला वाटलं असतं काहीतरी मंगल आहे.

मग पत्र लिहायचं ठरलं. वृद्ध वडिलांकडून गैरसमजाने झालेली चूक, मुलाचा दोष नाही, नातीचं ऑपरेशन आहे, दया करावी. मजकूर थोरल्याने सांगितला, ह्यांनी लिहिला. अक्षर मोत्यासारखं, म्हणून. सोबत डॉक्टरीणबाईचं पत्र, एजंटाची ती स्वच्छ झेरॉक्स, नव्या कंपनीचा कागद. थोरला स्वतः वकिलातीच्या खिडकीवर देऊन आला. तिथल्या माणसाने घेतलं, एवढ्यावरच आम्ही खूश झालो.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. थोरल्याने ते वाचून आम्हाला सांगितलं. खाडाखोड झालेला व्हिसा चालत नाही. ती कुणी आणि का केली याचा विचार केला जात नाही. नवा अर्ज करा आणि मुलाखतीच्या तारखेला या. चार ओळी होत्या.

दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर ठेवला. ती रडत नव्हती. म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी तारीख दुसऱ्या मुलाला दिली. पुढची देता येणार नाही, कारण महिनाअखेर विमा संपतोय. घरमालकाला सांगितलं आहे. चिमणीचे कपडे बांधलेत, खेळणी शेजारच्यांना दिली. रविवारी पोचतो आम्ही.

"चिमणी काय करतेय?" थोरल्याने विचारलं.

"रिकाम्या खोक्यात बसलीय. तिला काय कळतंय."

त्याने फोन ठेवला आणि तो संडासात जाऊन बसला. नळ सोडून. बराच वेळ नळ चालू होता.

मी पत्राची आमच्याकडची प्रत उचलून कपाटात ठेवायला घेतली. खाली ह्यांची सही होती आणि सहीखाली तारीख. ठसठशीत. हे गोळ्यांचं पाकीट उघडलं तरी त्यावर तारीख टाकतात. गॅसची टाकी आली की भिंतीवर टाकतात. मी प्रत ठेवली, पासपोर्ट काढला, आणि व्हिसाचं पान उघडून खिडकीशी नेलं.

रेघांच्या खाली बघितलं. बाजूला बघितलं. पान उलटून मागे बघितलं.

तारीख नव्हती. सही नव्हती.

७

हे गच्चीत होते, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे, खुर्ची टाकून. पेपर घडी करून मांडीवर. मी दार लावून घेतलं.

"तारीख का नाही टाकलीत?" मी विचारलं.

"कसली?"

"व्हिसावर. तुम्हीच म्हणालात, दोन रेघा, नंबर सोडून, खाली तारीख आणि छोटी सही, हात आपोआप चालतो. मग हात निम्म्यात का थांबला?"

ह्यांनी पेपराची घडी उलगडायला घेतली. मी तो काढून घेतला.

"छत्तीस वर्षांत तुम्ही एक कागद सहीशिवाय रद्द केला नाहीत. एकदा सही राहिली म्हणून सुट्टीच्या दिवशी शिपायाला उठवून दफ्तर उघडायला लावलं होतंत. सही म्हणजे हे मी केलं असं सांगणं. ते सांगायचं नव्हतं, म्हणून हात थांबवला. आणि ज्याने हात थांबवला त्याला माहीत होतं तो काय करतोय."

वाऱ्याने चादर हलत होती, तिची सावली ह्यांच्या तोंडावरून जात येत होती.

"त्याने सांगितलं होतं ना तुम्हाला? जुना व्हिसा लागतो म्हणून?"

"हॉस्पिटलात," हे म्हणाले. "मी विचारलं होतं. त्याने सगळं समजावून सांगितलं. दोन्ही एकत्र दाखवायचे असतात म्हणून."

"मग?"

"अगं, छातीत कळ आली तेव्हा मला एकच वाटलं होतं. हा नसताना मी जाणार. दोन स्प्रिंगांवर किती दिवस चालतं माणूस? मला वाटलं, एक विमान चुकेल. महिना दोन महिने राहील. मग काढेल नवा व्हिसा. मला काय माहीत सात महिने लागतात."

"आणि चिमणी?"

"मला वाटलं, इकडे करता येईल तिचं. इकडे काय डॉक्टर नाहीत?"

"दोन डॉक्टर नाही म्हणाले. त्यांची पत्रं आली होती ती कुणी फायलीत लावली?"

फाईल ह्यांनीच लावली होती. वर नावही ह्यांनीच घातलं होतं, लाल शाईने, खाली दोन रेघा ओढून.

"थोरल्याला सांगणार आहेस?"

मला त्या एका प्रश्नाचा जेवढा राग आला तेवढा रेघांचासुद्धा आला नव्हता. ह्यांचे हात रिकाम्या मांडीवर होते. चाळीस वर्षं मी त्या हातांना जेवायला वाढलं. धावून जाऊन सगळ्यांसमोर सांगावं असं एकदा वाटलं. मग आठवलं की थोरल्याकडे आता नोकरी नाही, घर नाही, मुलीची तारीख नाही. चूक करणारा भोळा बाप तेवढा उरला आहे. तो काढून घेऊन मी त्याला बदल्यात काय देणार होते?

"नाही सांगणार," मी म्हणाले. "तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी. धाकट्यालाही नाही. पण निकाल लागल्याशिवाय मी खाली जायची नाही, तेव्हा ऐका. तुम्हाला हवं होतं तसं झालंय. रविवारी घर भरेल. थोरला इथेच राहील, मिळेल ती नोकरी करील, तुमच्या गोळ्या आणील, तुम्हाला डॉक्टरकडे नेईल. तुम्ही जाल तेव्हा तो उशाशी असेल. आणि चिमणी तुमच्या घरात वाढेल. तुम्ही तिला रोज हाक मारायची. तिच्या पाठीमागे उभं राहून, मोठ्याने, नाव घेऊन. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मी तिथेच बसलेली असेन. ती वळणार नाही. तरी मारायची."